तिसरा पट्टा

भाईदासला आयुष्यात फार काही नको होतं. त्याला फक्त नांगर धरायचा नव्हता.

ही इच्छा पंचविशीत झाली तर लोक आळशी म्हणतात, सत्तरीत झाली तर म्हातारा म्हणतात. भाईदास मधेच कुठेतरी होता, त्यामुळे त्याच्या इच्छेला गावात नावच नव्हतं, आणि नाव नसलेल्या गोष्टीबद्दल पारावर बसून बोलता येत नाही. मग दर उन्हाळ्यात कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या की तो कमरेला पंचा आवळायचा आणि नांगरामागे चालायला लागायचा. पुढे बैल थकलेले, मागे तो थकलेला, मधला नांगर तेवढा ताजातवाना. संध्याकाळी घरी आला की ओट्यावर पालथा पडायचा. भागाबाई, म्हणजे त्याची बायको, गरम विटेने त्याची कंबर शेकायची आणि विचारायची, "कितलं व्हयनं?" तो जमिनीकडे तोंड करून म्हणायचा, "व्हयनं थोडं." इतकी वर्षं एकाच मातीला खाली-वर करायचं आणि पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा जिथल्या तिथे पडलेली असायची, यातलं त्याला काही कळेनासं झालं होतं.

अशात बैसाणे साहेब आले.

रुपचंद बैसाणे मातीवर संशोधन करायचे. धुळ्याहून मोटारसायकलवर यायचे, आणि चेहरा असा की मागच्या आठवड्याची झोप अजून यायची बाकी आहे. प्रयोगासाठी वावर मागत ते शिंदखेडा तालुक्यात बरेच फिरले होते. सगळ्यांनी चहा पाजला, वावर कोणी दिलं नाही. कारण प्रयोगाची अट ऐकली की लोक साहेबांकडे दयेने बघायचे.

अट अशी होती. वावराचे तीन पट्टे पाडायचे. पहिल्यात ट्रॅक्टरने खोल नांगरट. दुसऱ्यात नुसती वखराची पाळी, वरची माती हलवण्यापुरती. आणि तिसऱ्यात काहीच नाही. सरकी बोटाने टोचून लावायची, तण विळ्याने कापून जागच्या जागी पाडायचं, मातीला धक्का लावायचा नाही. असं तीन वर्षं.

"नांगर लावला की पाला, शेणखत, मुळं सगळं खाली-वर होतं," साहेबांनी भाईदासच्या ओट्यावर बसून समजावलं. "मग पिकाचं जे खाणं असतं, स्फुरद म्हणा, पालाश म्हणा, ते वीतभर खोलीत सगळीकडे सारखं मिसळतं. नांगरलंच नाही, तर वर पडलेलं वरच साठत जातं. तीन वर्षांनी मी तिन्ही पट्टे खणून थराथराने माती काढणार. कुठे काय बसलंय ते बघणार."

"आन तिसरा पट्टा चांगला निंघना तर?" भाईदासने विचारलं.

"तर तसं सांगू. की नांगरायची गरज नाही."

"कोणले सांगशात?"

"सगळ्यांना."

"पारवर? चारचौघास्मा?"

साहेब म्हणाले, "पारावर सांगेन की. का?"

 भाईदास उठला, घरात गेला आणि साहेबांसाठी दुसरा चहा सांगून आला. शिकलेला सरकारी माणूस पारावर उभा राहून म्हणणार की नांगरायची गरज नाही. त्यानंतर भाईदास ओट्यावर दिवसभर पडला तरी तो आळशी ठरणार नव्हता, पुढारलेला ठरणार होता. त्याने वावर देऊन टाकलं.

वावर नेमकं नरडाणा स्टेशनकडून गावात येणाऱ्या रस्त्याला लागून. आणि तिसरा पट्टा नेमका रस्त्याच्या कडेचा. त्यामुळे गाडीतून उतरलेला प्रत्येक माणूस आधी भाईदासचा तिसरा पट्टा बघायचा आणि मग गाव.

पहिली दोन वर्षं लोक हसले. शेजारच्या वावराचा निंबा बांधावर उभा राहून ओरडायचा, "भाईदास भाऊ, तुना वावरनी दाढी वाढनी भो! न्हावीले बोलाडू का?" भाईदास म्हणायचा, "प्रयोग शे." निंबा म्हणायचा, "प्रयोग तर बठ्ठाच करतस. नांगरस कव्हय?"

तिसऱ्या वर्षी पोळ्यानंतर भाईदासचा एक बैल मेला, आणि लोकांचं हसणं एकदम थांबलं. हे काही बरं लक्षण नव्हतं. गाव थट्टा करतं तोवर माणूस सुखरूप असतो. गाव समजून घ्यायला लागलं की त्याचं काही खरं नसतं. लोकांनी मनातल्या मनात हिशोब जुळवला की बैल आत्ता मेला असला तरी तो आधीपासून आजारी असणार, म्हणूनच पट्टा पडीक राहिला, आणि बिचारा लाजेपोटी साहेबाचं नाव पुढे करतोय. भाईदास त्यांना थर, स्फुरद, पालाश समजावून सांगायचा. ते मान डोलवायचे. तापात बडबडणाऱ्या माणसासमोर डोलवतात तशी.

"बरोबर शे भाऊ," निंबा मऊ आवाजात म्हणायचा. "सुफरद वर बसस. बठ्ठं बरोबर शे. तू जेवनास का?"

तिसऱ्या वर्षाचा कापूस वेचून झाला. ब्याण्णव सालची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. माती काढायला कधी येणार ते बैसाणे साहेबांनी कळवलं होतं, आणि नेमकं त्याच्या आदल्या दिवशी भाईदासला चोपड्याला जावं लागलं. आखाजीला सासरची लेक माहेरी आणायची, तर तिला घ्यायला मुराळी जायला हवा. घरात मुलगा नव्हता, म्हणून बापच मुराळी. तो लेकीच्या घरी मुक्कामाला राहिला, जावयाची केळी बघितली, केळीच्या बुंध्याशी वाकून माती चिमटीत घेऊन "वरलं वर राहस का खाले जास?" असं विचारून जावयाला गोंधळात टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी लेक लताला घेऊन निघाला. एस्टी बदलत, उभ्याने, उन्हात. पण मन हलकं होतं. आज साहेब खणणार होते.

रस्त्यावर उतरून दोघं चालायला लागली. लांबून धूर दिसला. मग बैल दिसले. खूप बैल.

"आबा, आपला वावरमा जत्रा शे का?" लता म्हणाली.

भाईदासला वाटलं की आपण चुकून दुसऱ्या गावाला उतरलो. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं.

गावात एक जुनी रीत होती. कोणाचा बैल गेला, कोणाचा पाय मोडला, की बाकीच्यांनी आपापल्या जोड्या घेऊन त्याच्या वावरात उतरायचं आणि एका दिवसात नांगरून मोकळं व्हायचं. बदल्यात वावरवाल्याने वरण-बट्टी खाऊ घालायची. या रितीत एक बारीकशी गोष्ट होती: ज्याचं वावर त्याला आधी विचारायचं नाही. कारण विचारलं की अडचणीतला माणूस हमखास नको म्हणतो, आणि नको म्हटलं की मग त्याचं ऐकावं लागतं.

निंबा धावतच आडवा आला. अंगभर धूळ, तोंडभर हसू. त्याने भाईदासच्या डोळ्यांवर चक्क हात ठेवला.

"आते पाहू नको! जराशीक नांगरट ऱ्हायनी शे. पुरं व्हऊ दे, मंग पाह्य!"

"निंबा," भाईदास त्या हाताच्या आतून म्हणाला, "तिसरा पट्टा?"

"पहिला तोच धरा आम्ही! उभा बी, आडवा बी!" निंबाने हात काढला. "उपकार मानू नको. तुना बैल मरना, आम्ही थोडीच मरनूत?"

भाईदासने बघितलं. तीन वर्षं ज्या मातीवर त्याने जोरात पाय आपटला नव्हता, ती माती ढेकळांच्या राशी होऊन उताणी पडली होती. खालची फिकट चुनखडीची माती वर आली होती आणि वरची काळी कुठे गडप झाली होती कोण जाणे. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

गावातले सगळ्यात वयस्कर चिंधा आबा काठी टेकत आले आणि त्याच्या पाठीवर थोपटत राहिले. "रडू नको, भाईदास. माणूसच माणूसना कामले येस." मग बाकीच्यांकडे वळून म्हणाले, "पाह्यं? सांगत नव्हता बिचारा. पोटमा किती होतं!"

हे ऐकून भाईदासला आणखी रडू आलं, आणि ते बघून दोन-तीन जण स्वतःच डोळे पुसू लागले. काम फारच छान झालं होतं.

तिसऱ्या पट्ट्याच्याच मधोमध, नांगरांनी वळसा घालून सोडलेल्या जागेत, गोवऱ्यांचा विस्तव फुलवून भागाबाई आणि शेजारच्या बाया बट्ट्या भाजत होत्या. भाईदास तिच्याजवळ जाऊन बसला. 

"तुले माहीत होतं, आज सायेब येणार शे."

"माहीत होतं."

"मंग तू काबर नही थांबाडं यासले?"

भागाबाईने विस्तवातली एक बट्टी उलटली. घाई नव्हती तिला.

"तीन पावसाळा मी त्या पट्टामा तण काप्या," ती म्हणाली. "नांगर नही, त्यामुळे तण दुप्पट. तुमनी कंबर वाचनी नि मनी मोडनी. निंबा काल सांजले विचारी गया, 'वहिनी, पीठ शे का?' मी म्हनू, शे."

 तीन वर्षांत हे भाईदासला एकदाही सुचलं नव्हतं. संध्याकाळी तो ओट्यावर पालथा पडायचा बंद झाला होता, तेव्हा वीट कोणासाठी गरम होतेय हे त्याने बघितलंच नव्हतं.

तेवढ्यात मोटारसायकलचा आवाज आला.

बैसाणे साहेब उतरले. मागे बांधलेली फावडी, माती काढायची लोखंडी नळी, कापडी पिशव्यांचा गठ्ठा. त्यांनी गठ्ठा सोडवला, वळले, आणि वावर बघून तो गठ्ठा पुन्हा बांधायला लागले. मग थांबले.

"हे कोणी केलं?"

"बठ्ठासनी!" सगळ्यांनी एका सुरात आणि मोठ्या अभिमानाने सांगितलं.

साहेब काही बोलायच्या आत कोणीतरी त्यांना पंगतीत बसवलं, समोर पत्रावळ आली, बट्टी कुस्करून त्यावर वरण पडलं, वर तूप पडलं, बाजूला घोटलेल्या वांग्याची भाजी आली. साहेब सकाळपासून उपाशी होते. त्यांनी आधी खाऊन घेतलं. दुःख भरल्या पोटीही तेवढंच होतं. मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. की भाईदास खोटं बोलत नव्हता. की प्रयोग खरंच होता. की तीन वर्षं मातीच्या थरांत जे काही साठत गेलं ते मोजायचा आजचा दिवस होता, आणि आता ते थरच राहिले नाहीत.

 निंबाच्या हातातला घास हातातच राहिला.

"म्हणजे माती उलटी व्हई गयी," चिंधा आबा सावकाश म्हणाले.

"हो."

"मंग सुलटी करूत."

साहेबांना वाटलं आबा चेष्टा करतायत. पण आबांनी अख्ख्या हयातीत चेष्टा केली नव्हती. आणि गावाला ते एकदम पटलं. जी गोष्ट करता येते ती उलट दिशेने उलगडताही येते, दोर वळतो तसा सोडतोही. फक्त नांगराच्या शेवटच्या रेघेपासून सुरुवात करून पहिलीपर्यंत यायचं.

"मना नांगर ईशान्यना कोपरापाईन सुरू व्हयना व्हता," निंबा उठून म्हणाला. "माले एक-एक रेघ ध्यानमा शे."

"पण मागेच जानं पडी ना. बैल मागे चालतस का?" कोणीतरी विचारलं.

"शिकाडा तर चालतीन."

दोघा-तिघांनी खरंच जोड्या जुंपल्या. बैलांना मागे रेटलं. बैल मागे चालेनात, आणि असे बघायला लागले की जणू त्यांना गावाबद्दल आजवर जी थोडीफार शंका होती ती फिटली. मग असं ठरलं की बैल पुढेच चालू द्यायचे, मात्र उलट्या टोकाकडून, आणि नांगर असा तिरपा धरायचा की पडलेलं ढेकूळ परत पालथं होईल. एक अख्खी फेरी झाली. साहेब बांधावर बसून बघत होते. थांबा म्हणायला तोंड उघडायला हवं होतं, आणि तेवढं त्राण त्यांच्यात नव्हतं.

"राहू द्या," ते अखेर म्हणाले. "अजून मिसळतंय."

न नांगरलेली एकच जागा उरली होती, बट्टीच्या विस्तवाखालची. साहेबांनी राख बाजूला सारली, कडेला फावड्याने गुडघाभर खड्डा केला आणि त्याची एक भिंत सुरीने सरळ तासली. बाकीचे वाकून बघायला लागले. भाईदास सगळ्यात पुढे, पोटावर पालथा.

वरची चार बोटं माती काळी, भुसभुशीत. त्यात जुन्या पाल्याचे बारीक तुकडे, केसासारखी मुळं, गांडुळांची भोकं. त्याखाली घट्ट, फिकी, गप्प बसलेली माती. मधे रेघ मारावी इतका फरक.

"खाणं सगळं इथे वर बसलंय," साहेब बोट फिरवत म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात थोडा जीव आला. "खाली फार काही नाही. नांगरलेल्या पट्ट्यात हेच वीतभर पसरलेलं सापडेल, पण पातळ."

"मंग हाई चांगलं का वाईट?" भाईदासने विचारलं. तीन वर्षं तो याच एका उत्तराच्या जिवावर जगत होता.

साहेबांनी कपाळ पुसलं. "अवलंबून आहे. पाऊस वेळेवर पडत राहिला तर वरचा थर ओला राहतो, पिकाला हाताशी सगळं मिळतं. खंड पडला तर वरचं सुकतं, मुळं खाली जातात, आणि खाली जेवायला वाढणारं कोणी नाही."

"एक शब्दमा सांगा, सायेब."

"एका शब्दात नाही सांगता येत. आणि या एका खड्ड्यावरून तर काहीच नाही. विस्तवाची राख आहे इथे, पालाश बेसुमार येणार. हे मी धुळ्याला नेलं तर वरचे लोक विचारतील, या गावात माणसं माती भाजून खातात का." ते फावडं टेकून उभे राहिले. "खरं तर पुन्हा पहिल्यापासून करायला हवं. आणखी तीन वर्षं. पण आता तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगू?"

सगळ्यांनी भाईदासकडे पाहिलं. बैल गेलेला, पट्टा वाया गेलेला, दमलेला माणूस. तो आता हात जोडणार हे उघड होतं.

भाईदास कोपरांवर उठला. आत काहीतरी हलत होतं. पारावरचं सांगणं गेलं होतं. पण तीन वर्षं आणखी, सरकारी परवानगीने, नांगराला हात न लावता.

"तीन वरीस," तो खोल उसासा टाकून म्हणाला. "कठीण शे सायेब. पण शास्त्रना करता करूत." मग जरा थांबून, "मात्र पट्टा नको. पट्टा लोकसना ध्यानमा राहत नही. पुरं वावरच तसं ठी देऊत."

"पूर्ण वावर? मग मी तुलना कशाशी करू? नांगरलेलं नको का शेजारी?"

"शेजारीच तर शे," भाईदास म्हणाला आणि निंबाकडे बघितलं.

बांधापलीकडे निंबाचं वावर होतं. तीच काळी माती, तोच उतार. निंबा पंगतीपासून चूक भरून काढायची संधी शोधत होता. त्याने छातीवर हात मारला. "मनं वावर ल्या, सायेब! म्हणशात तितलं खोल नांगरसू! उभं बी, आडवं बी!"

"दर उन्हाळाले," भाईदासने आठवण करून दिली.

"दर उन्हाळाले!" निंबा म्हणाला, आणि ते म्हणून झाल्यावर त्याच्या तोंडावर एक बारीक शंका येऊन गेली. पण चिंधा आबांनी तोवर काठी आपटून ते पक्कं केलं होतं.

"दोन मालकांची दोन वावरं," साहेब स्वतःशीच पुटपुटले. "खतं वेगळी, हात वेगळे. काटेकोर बघितलं तर बसत नाही." त्यांनी उन्हाकडे पाहिलं, मोटारसायकलकडे पाहिलं, पिशव्यांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. "बसवू. कसंतरी बसवू."

भाईदास आता उठून बसला होता. कित्येक वर्षांत त्याला इतकं हलकं वाटलं नव्हतं. त्याने लताला पाणी आण म्हणून सांगितलं.

"सायेब," भागाबाई म्हणाली. ती वरणाचं पातेलं घेऊन उभी होती, पंगतीत सगळ्यांच्या मागे. "एक इचारू?"

"विचारा ना वहिनी."

"पुरं वावर नही नांगरं, तर पुरा वावरमा तण. ते कोण कापी?"

"शेतकऱ्याने कापायचं," साहेब म्हणाले.

"शेतकरी म्हणजे कोण?"

 प्रयोगात खोली ठरलेली होती, बियाणं ठरलेलं होतं, दोन झाडांतलं अंतर ठरलेलं होतं. हे कोणी ठरवलं नव्हतं. पंगतीतले बाप्ये अचानक मन लावून वांग्याची भाजी खाऊ लागले.

"ठरवायला हवं," साहेब प्रामाणिकपणे म्हणाले. "मागच्या वेळी एक जण आणि या वेळी दुसराच, असं करून चालत नाही."

"मंग ठरावी ल्या," भागाबाई म्हणाली. "भाईदास शेतकरी. यंदापाईन."

भाईदासने मान वर केली. नांगरट म्हणजे उन्हाळ्यातले काही दिवस. तण म्हणजे पहिल्या सरीपासून दिवाळीपर्यंत, आणि आता पट्टाभर नाही, अख्खं वावरभर. त्याने नाही म्हटलं तर निंबा, गाव, उरलेला एकटा बैल आणि तो नांगर हे सगळे हात धुऊन त्याच्या मागे लागायला तयार होते. साहेब वाट बघत होते. लता पाण्याचा तांब्या घेऊन तशीच उभी होती आणि बापाकडे बघत होती. भागाबाई कमरेवर एक हात ठेवून उभी होती, आणि तो हात तिने ऐटीत ठेवलेला नाही, दुखतं म्हणून ठेवलाय, हे भाईदासला आज पहिल्यांदा दिसत होतं.



"ते काम," त्याने हळूच विचारलं, "बसीसन करता येस ना?"

"बसीसनच करनं पडस," भागाबाईने त्याच्या पत्रावळीवर वरण वाढलं. "मंग उठता येत नही, इतलंच."